यादीत एकच ओळ

विषम तारीख, म्हणून गाडी डाव्या बाजूला लावली
आणि अप्पा बळवंत चौकात गाईडांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत
दुसरा मजला चढले. दारावर पाटी:
नगरकर अक्षरजुळणी. पत्रिका, प्रबंध, प्रश्नपत्रिका.
वसुधाबाई खुर्चीमागे उभ्या होत्या,
घरात कुणी आजारी पडलं की उभं राहतात तशा.

"भाच्याने नवीन काहीतरी टाकलं. फुकट आहे म्हणतो.
पण माझं जुनं गेलं हो.
बावीस वर्षांचे फॉन्ट होते त्यात.
दुसरा कळफलक या बोटांना येत नाही."

यंत्र सुरू केलं. काळा पडदा, यादीत एकच ओळ,
खाली पाच, चार, तीन.
दोनला मी बाणाची कळ दाबली. मोजणी थांबली.

गेलं नव्हतं.
डिस्कवर चाळीस जीबी जिथल्या तिथे,
फक्त नव्या सिस्टीमने शेजारी कोण राहतं ते विचारलं नव्हतं.
विचारू नये, असंच शिकवून पाठवतात तिला हल्ली.
कुणाच्या खोलीत काय निघेल, नेम नाही.

सेटिंगच्या फायलीत एक ओळ असते.
'शोधू नकोस' हा तिचा अर्थ, पुढे बरोबरचं चिन्ह.
शोधायला लावायचं तर त्यापुढे लिहायचं: खोटं.
नुसतं 'शोध' म्हणायची सोयच नाही.
हे सांगितलं तेव्हा वसुधाबाई पहिल्यांदा हसल्या.
"आमच्या सासूबाई अश्शाच बोलायच्या.
जेवू नका असं कुठे म्हणतेय मी?"

एंटर.
प्रोग्राम निघाला दारोदार,
जनगणनेच्या बाईसारखा.
दार अलगद लोटायचं, काही न हलवता आत बघायचं,
चूल पेटण्याजोगी आहे का तेवढं टिपायचं, पुढे.
पहिल्या दारी: सापडलं. एक्सपी.
वसुधाबाईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
पुढे नुसत्या फायली. त्यापुढे रिकामं.
सहाव्या दारी:
सापडलं.

हे त्यांनी सांगितलं नव्हतं.
बारा जीबी, एक जुनं लिनक्स,
आत कुणीतरी यंत्राला नाव दिलेलं: पिंगळा.

"अशफाक," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ काही नाही.
"मोमीन. मुद्रितं तपासायचा, रात्री.
मी सकाळी आले की ऱ्हस्व-दीर्घाच्या लाल खुणा, आणि हा गायब.
एकदा म्हणाला, बाई, कोपऱ्यात थोडी जागा घेतलीय मी.
मला वाटलं टेबलाबद्दल बोलतोय.
मी एक खण रिकामा करून दिला त्याला."

"आता कुठे असतात?"
"सोलापूरला गेला. अकरा साली. पुढचं नाही माहीत."

पुन्हा सुरू केलं. तीन ओळी.
पाच, चार...
"अहो, पाचात कसं ठरवायचं माणसानं?"
म्हणून तिथे उणे एक लिहिलं,
म्हणजे कळ दाबेपर्यंत थांब, दिवस गेला तरी.

"त्याच्या त्या ह्याला कुलूप असेल?"
"असेल. काढता येतं."
"छे, नको. ओळ तेवढी राहू दे."

चारशे रुपये झाले. पाचशेची नोट दिली,
शंभर परत घेतले मोजून.
एक्सपी उघडली, घाटपांड्यांची लग्नपत्रिका उघडली,
बोटं न बघता अक्षरांवर गेली.

जिन्यात आठवलं, पेनड्राइव्ह वरच राहिला.
परत गेले तर पत्रिका नव्हती पडद्यावर.
यंत्र बंद करून पुन्हा चालू केलेलं.
काळ्यावर तीन पांढऱ्या ओळी, तिसरीवर पट्टी,
आणि वसुधाबाई, हात मांडीवर.

मी पेनड्राइव्ह उचलला.
खाली टोइंगवाला ओरडत होता.